खुंटीवरची किल्ली

गुरुवारच्या दवाखान्यात बाकावर बसणाऱ्या माणसांनी त्या डॉक्टर मुलीचं नाव हेडबाई ठेवलं होतं. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती, पण शिपाईमामांच्या तोंडून एकदा निसटलं आणि तिच्या कानावर पडलं. रागवायचं सोडून ती मनातून खूश झाली. आपला वचक आहे, म्हणजे लोक आपलं ऐकतात, असं तिने धरून टाकलं. वचक असला की लोक ऐकतात, का नुसतं ऐकल्यासारखं दाखवतात, हा प्रश्न काही तिला पडला नाही. पडायला हवा होता, पण नाही पडला, त्याला काय करणार.

डॉक्टर होऊन झाल्यावर ती मेडिसिनची रेसिडेन्सी करत होती. म्हणजे मोठ्या हॉस्पिटलात राबत राबत साखर, रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड असले मोठ्या माणसांचे आजार शिकायचे. त्यातही तिची जागा खास होती. जिकडे डॉक्टर फिरकत नाहीत अशा वस्तीत काम करायची तयारी असेल त्यालाच ती मिळायची, आणि शिक्षण संपेपर्यंत दर गुरुवारी हॉस्पिटल सोडून वस्तीतल्या दवाखान्यात बसावं लागायचं. मुलाखतीत मोठ्या सरांनी विचारलं होतं, एवढे चांगले मार्क असताना इकडे कशाला येतेस? तिने सांगितलं, मला माणसांत काम करायचंय. ती थाप नव्हती हो. मनापासून बोलली होती बिचारी.

दवाखाना म्हणजे एक लांबुळका गाळा. पुढे शटर, भिंतीला लागून एक लांब बाक, मध्ये प्लायवूड ठोकून केलेली तपासायची खोली, आणि बाकाच्या पलीकडच्या टोकाला एक संडास. सगळ्यांना मिळून एकच. हेडबाई नवीन आली तेव्हा त्याची जी काही अवस्था होती ती सांगण्यासारखी नाही. नळाला करंगळीएवढी धार, आणि वापरायला सगळी गल्ली. पहिल्याच महिन्यात ती एकदा दार उघडून तशीच नाकाला रुमाल लावून मागे फिरली आणि शिपाईमामांना फैलावर घेतलं. मामा म्हणाले, मी एकटा किती पुरा पडणार. मग तिने कुलूप आणायला लावलं. किल्ली तिच्या खुर्चीमागच्या खुंटीला. ज्याला लागेल त्याने मागावी, मी काय नाही म्हणणार आहे का, असं ती म्हणाली आणि तो विषय तिच्यापुरता मिटला.

आता तुम्हीच सांगा. बाकावर तुमचा नंबर आहे. पोटात कळ आलीय. किल्ली हवी तर उठायचं, सगळ्यांच्या गुडघ्यांना धक्के देत जायचं, पडदा सारायचा, आत डॉक्टर कोणाच्या छातीला नळी लावून बसलेली, आणि तिला सांगायचं की बाई, मला जायचंय. तेही हेडबाईला. कोण मागतंय? कोणीच मागितली नाही. संडास लख्ख राहिला, मामांची दगदग वाचली, आणि हेडबाई स्वतः येता-जाता खुंटीवरून किल्ली घेऊन जाऊन यायची. इतके लोक येतात, पण कोणाला लागत नाही, याचं तिला कधी नवलही वाटलं नाही.

या बाकावर इस्त्रीवाल्या काकू यायच्या. नवरा गेल्यापासून कपड्यांना इस्त्री करून त्यांनी घर ओढलं. मुलगा कामासाठी दूरगावी, घरात काकू आणि सून. सून घरोघरचे कपडे आणायची, पोचवायची, आणि काकू टेबलापाशी उभ्या. हात असा की शर्टाची कॉलर त्यांनी एकदा दाबली की बघत राहावं. उजवा तळहात इस्त्रीच्या मुठीला धरून धरून कडक झालेला. हेडबाईला त्या आवडायच्या. गप्प बसतात, वेळेवर येतात, उलट बोलत नाहीत. पण त्यांचा रक्तदाब मात्र हटवादी. दर गुरुवारी बघावं तर चढलेलाच.

सुरुवातीला एक गोळी होती. मग दुसरी आली, ती लघवी जास्त होऊन दाब उतरवणारी. तरी चढलेलाच, म्हणून तिसरी. मग तिन्हींची ताकद वाढवली. गोळ्या घेता ना काकू, असं हेडबाई विचारायची, आणि काकू खाली बघून म्हणायच्या, घेते ना. खाली बघून! तिथेच हेडबाईने ओळखलं की घेत नाहीत. तिला शिकवलंच होतं तसं, गोळ्या वाढवूनही दाब उतरत नसेल तर आधी माणूस गोळ्या घेतो का ते बघा. तिने बघितलं म्हणजे काय केलं, तर सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात काकूंचा पाणउतारा केला. आम्ही जीव तोडून सांगतो, तुम्हाला स्वतःचीच काळजी नाही, उद्या अंग लुळं पडलं तर सुनेला कोण सांभाळणार, वगैरे वगैरे. काकूंनी ऐकून घेतलं. सून सोबत होती, ती मध्ये म्हणाली की मॅडम, यांना कामावर उभं राहिलं की चक्कर येते. हेडबाई म्हणाली, येणारच, दाब एवढा चढलाय. आणि तिसरी गोळी आणखी वाढवून दिली.

काकू एकट्याच तशा नव्हत्या. बाकावरच्या निम्म्या माणसांचा दाब असाच उतरायचं नाव घेत नव्हता. हेडबाईने त्यावर डॉक्टरांच्या वार्षिक सभेत भाषण केलं. वस्तीतली माणसं फुकट मिळालेल्या गोळ्याही घेत नाहीत, त्यांची मनोवृत्ती कशी बदलावी, असा विषय. टाळ्या पडल्या. मोठ्या सरांनी पाठ थोपटली, पुढच्या सभेतही तूच बोल म्हणाले. तिने घरी फोन करून आईला सांगितलं.

आणि एका सकाळी सर्जरीच्या वॉर्डातून निरोप आला की एक बाई चक्कर येऊन पडलीय, हात भाजलाय, चक्कर कशाने आली ते मेडिसिनवाल्यांनी येऊन बघावं. हेडबाई दोन ज्युनियर मुलांना घेऊन गेली. बघते तर खाटेवर इस्त्रीवाल्या काकू. उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज. शेजारी सून उभी, डोळे सुजलेले. टेबलापाशी उभ्या असताना काकूंच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, त्या पुढे कोसळल्या, आणि उजवा पंजा गरम इस्त्रीखाली आला. शुद्ध नसल्याने तो काढूनही घेता आला नाही. सून कपडे पोचवून परत आली तेव्हा कुठे इस्त्री बाजूला झाली. बोटं वाचतील का, आणि वाचली तरी वळतील का, हे सर्जन सांगायला तयार नव्हते. काकू सगळ्यांना एकच विचारत होत्या, मूठ धरता येईल ना?

हेडबाईला वाईट वाटलं, पण अजून तिचा ताठा गेला नव्हता. काकूंच्या देखतच ती ज्युनियरांना म्हणाली, या माझ्याच पेशंट, गोळ्या घेत नाहीत, दाब चढून चक्कर आली असणार. सुनेने एकदम मान वर केली. मग हेडबाईने काकूंच्या डाव्या दंडाला पट्टा बांधला. आडव्या असताना दाब कमी निघाला. यंत्र बिघडलं असेल म्हणून दुसरं मागवलं. त्यातही कमीच. काकूंना धरून उभं केलं तर तो आणखी खाली गेला आणि काकू तिच्या खांद्यावरच कलंडल्या. दोन्ही ज्युनियर तिच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना तिने पुस्तकातलं काहीतरी काम सांगून पिटाळलं.

दाब चढून नाही, उतरून चक्कर आली होती. गोळ्या न घेणाऱ्या माणसाचा दाब एवढा उतरेल कसा? तिने सुनेला विचारलं. सून म्हणाली, मी स्वतः काढून देते मॅडम, दिलेली एक चुकत नाही. हे बोलताना तिचा आवाज कापत होता, आणि तो दुःखाने नव्हे. रागाने कापत होता. चक्कर येते म्हणून तुम्हाला सांगितलं होतं, एवढंच ती पुढे म्हणाली आणि पाणी आणायच्या निमित्ताने निघून गेली.

हेडबाई स्टूल ओढून बसली. काकूंचं ऐकायला म्हणून ती आयुष्यात पहिल्यांदा बसली असेल.

"काकू, मग गुरुवारी माझ्याकडे एवढा जास्त कसा यायचा?"

बोलू की नको असं काकूंचं चाललं होतं. मग म्हणाल्या, "गुरुवारी नाही घेत ना. बुधवारीही नाही."

"का पण?"

"तुमच्याकडे यायचं असतं म्हणून."

हेडबाईला काही उमगेना. काकूंनी तिच्याकडे बघितलं, जरा चिडूनच, एवढं साधं कळत नाही का म्हणून. मग बारीक आवाजात सगळं सांगून टाकलं. लघवीची गोळी घेतली की दम धरवत नाही. बाकावर अर्धा दिवस जातो आणि संडासाला कुलूप. तिन्हींतली लघवीची कुठली ते कोणाला माहीत, म्हणून एकही घ्यायची नाही, आणि आदल्या दिवसापासून पाणीही बेतानेच. बाकावर सगळ्या बायका असंच करतात, पुरुषही करतात. नवीन कोणी आलं तर जुनी माणसं त्याला आधी हेच सांगतात की इकडे यायचं तर गोळ्या खाऊन येऊ नको. गुरुवार गेला की शुक्रवारपासून नीट घ्यायच्या. डॉक्टरीणबाई वाढवतील तशा वाढवून घ्यायच्या.

हेडबाईने मनाशी हिशेब केला. म्हणजे तिने इतके दिवस मोजला तो नेमका गोळ्या न घेतलेल्या दिवसाचा दाब, तोही लघवी दाबून धरून बसलेल्या माणसाचा, आणि त्यावरून औषध वाढवत नेलं ते बाकीच्या सगळ्या दिवसांसाठी. आणि ज्या चकरेवर सुनेने बोट ठेवलं होतं, त्या चकरेवर आणखी एक गोळी दिली.

ती कशीबशी म्हणाली, "किल्ली मागायची ना काकू. मी दिली असती."

"एकदा मागणार होते." काकूंचा चेहरा लाल झाला, आणि हे आधीच्यापेक्षा अवघड आहे हे दिसत होतं. "ती गोळी नवीन होती तेव्हा एकदा खाऊन आले होते. उठून तुमच्या पडद्यापर्यंत आले. आत तुम्ही कोणाला तरी बोलत होतात, म्हणून परत जाऊन बसले. आणि मग बसल्या जागी झालं."

हेडबाईला तो दिवस आठवला. बाकाखाली ओलं दिसलं होतं.

"तुम्ही बाहेर आलात आणि त्या लेकुरवाळीला बोललात," काकू म्हणाल्या. "पोरं सांभाळता येत नाहीत तर आणता कशाला, म्हणालात. ते पोराचं नव्हतं. माझं होतं. ती माझ्या शेजारीच होती, तिला कळलं होतं. गप्प राहिली माझ्यासाठी. स्वतःच्या ओढणीने पुसलं तिने. आणि मी बसून राहिले."

त्या रडायला लागल्या. हाताच्या दुखण्याने रडल्या नव्हत्या, त्या आता रडल्या, आणि वर हेडबाईलाच म्हणाल्या की कोणाला सांगू नका. हेडबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने चुकले म्हटलं, माफ करा म्हटलं, काय काय म्हटलं. काकूंनी ऐकून घेतलं, त्या दिवशी बाकावर ऐकून घेतलं होतं तसंच. मग डाव्या हाताने डोळे पुसले आणि विचारलं, मूठ धरता येईल ना?

तिथून ती तडक मोठ्या सरांच्या खोलीत गेली. सगळं सांगितलं, रडत रडत सांगितलं. पुढच्या सभेत मी बोलणार नाही, बोलले तर हेच बोलेन म्हणाली. आपल्याला झापावं, चार शब्द सुनवावेत, म्हणजे बरं वाटेल, अशी तिची आतून फार इच्छा होती. सरांनी शांतपणे ऐकलं. टेबलावरचा पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. मग विचारलं, "कुलूप काढलंस?"

नव्हतं काढलं. फोन करून मामांना सांगायचंही तिला सुचलं नव्हतं. आधी ती रडायला आली होती. ग्लास तसाच ठेवून ती उठली.

गुरुवार नव्हता, तरी ती वस्तीत गेली. मामांना बोलावून शटर उघडायला लावलं आणि स्वतःच्या हाताने कुलूप काढलं. साफ कोण करणार, हा मामांचा पहिला प्रश्न, आणि तो रास्तच होता. ती म्हणाली, गुरुवारी मी करीन, बाकीचं बघू. मामांना वाटलं चेष्टा आहे. पण पुढच्या गुरुवारी ती बाही वर करून बादली घेऊन उभी राहिली तेव्हा मामा ओशाळले आणि झाडू तिच्या हातातून ओढून घेतला. त्यावरून दोघांची थोडी झटापटही झाली. बाक बघत होता. कोणी हसलं नाही.

मग तिने बाकासमोर उभं राहून सांगितलं की आजपासून दार उघडं आहे, गोळ्या घेऊनच या, आजवर चूक माझी होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण त्या माना तिला चांगल्या ठाऊक होत्या. इतकी वर्षं तशाच डोलत होत्या. त्या गुरुवारी संडासाकडे एकही माणूस फिरकला नाही. पुढच्याही नाही. तिने दाब मोजायचा आणि विचारायचं, आज गोळी घेतलीत का, खरं सांगा, मी रागवणार नाही. तेवढ्यानेच समोरचा माणूस घाबरायचा आणि घेतली म्हणायचा. मग ती गोळ्या वाढवायची नाही, घरी असताना मोजता यावा म्हणून ज्युनियरांना यंत्र देऊन वस्तीत पाठवायची. त्या लेकुरवाळीलाही तिने शोधलं. ती जागा सोडून गेली होती, कुठे ते कोणाला माहीत नव्हतं. तिच्याबद्दलची लाज मग तशीच राहिली, माफी मागायला माणूसच उरलं नाही.

काकूंचा हात हळूहळू भरत आला. बोटं राहिली. पण कातडी आखडली, आणि अंगठा नि शेजारची दोन बोटं पुरती वळेनात. इस्त्रीची मूठ त्यात मावत नव्हती. हेडबाई रोज वॉर्डात जायची, व्यायाम करून घ्यायची. काकू दुखलं तरी बोलायच्या नाहीत, आणि तिच्याशीही फारसं बोलायच्या नाहीत. घरी गेल्यावर टेबलापाशी सून उभी राहायला लागली. गुरुवारी त्या येतील की नाही, हेडबाईला खात्री नव्हती. आल्या नाहीत तर त्यांना दोष देता येणार नव्हता. पण आता दोन गोळ्या बंद करून लघवीची तेवढी ठेवली होती, तीही नीट मोजून ठरवायला हवी होती, आणि त्यासाठी त्यांनी यायला हवं होतं. दर गुरुवारी ती पडदा सारून बाकावर नजर टाकायची.

काकू आल्या. एकट्याच. सून कामावर. सवयीने बाकाच्या टोकाला बसल्या, उजवा हात पदराखाली झाकून. हेडबाईने मुद्दाम हाक मारली नाही, त्यांचा नंबर पुढे काढला नाही. आत एका म्हाताऱ्या सुताराची छाती तपासत होती तेव्हा तिने पडद्याच्या फटीतून बघितलं तर काकू उठल्या होत्या. गुडघ्यांना धक्के देत त्या चालल्या होत्या, पडद्याकडे नाही, पलीकडे. म्हणजे गोळी घेऊन आल्या होत्या. संडासाचं दार लोटून त्या आत गेल्या. बाकावरची कुजबुज थांबली. हेडबाईच्या कानातली नळी कानातच राहिली, सुताराने श्वास रोखून धरला होता आणि ती त्याला सोड म्हणायचंही विसरली.

थोड्या वेळाने दार परत किलकिलं झालं. काकूंनी डोकं बाहेर काढलं. इकडे तिकडे बघितलं, शेजारच्या बाईला सांगू का असा विचार केला असावा, पण मग सरळ पडद्याकडे बघून हाक मारली. हाक मोठ्याने मारली, सगळ्या बाकाला ऐकू गेली.

"हेडबाई, जरा या इकडे. कमरेची गाठ सुटत नाही मला."

ती नळी कानातून गळ्यात ओढत धावली. आत दोघींना उभं राहायला जेमतेम जागा. आतल्या नाडीची गाठ साधीच होती, पण एका हाताने, तेही डाव्या, ओढून ओढून घट्ट बसलेली. हेडबाई वाकून गाठ सोडवायला लागली. तिला काही नीट दिसेना, डोळे भरून आले होते. काकूंचा उजवा हात तिच्या तोंडापाशीच होता, चकचकीत गुलाबी कातडीचा, बोटं अर्धी वळलेली.

"लवकर करा हो," काकू म्हणाल्या, "मला धरवत नाहीये."

गाठ सुटली. ती बाहेर आली आणि दार ओढून घेतलं. आतली कडी जुनी, जड. ती खटखट वाजली, पण लागली नाही. त्या बोटांनी लागणारच नव्हती. मग हेडबाई वळली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. समोर सगळा बाक तिच्याकडे बघत होता. तपासायच्या खोलीत सुतार तसाच बसला होता. तिची मान वर होत नव्हती. तिने वर केलीही नाही.

"आहात ना तिथे?" काकूंनी आतून विचारलं.

"आहे, काकू."